वाचकांचे प्रश्न : साबुदाण्याचे पीक आणि पॅराग्वेची गांधीलमाशी

प्रश्न : तमिळनाडूत सेलमच्या परिसरात साबुदाण्याच्या पिकावरील किडीचा बंदोबस्त करण्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या माश्या सोडण्यात आल्याचे वाचले होते. साबुदाणा हे पीक कसे, हे मला उमगले नाही आणि त्यासाठी माश्या आफ्रिकेतूनच का आणाव्या लागल्या, तेही कळले नाही. कृपया खुलासा करावा. – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा हा कसावा नावाच्या झुडपाच्या मुळांतील पिठापासून तयार होतो. या झुडपाला टॅपिओका असेही म्हणतात. त्याची जाड, लांबट मुळे खणून, सोलून, वाटून त्यांतील पिष्ट वेगळे काढतात आणि त्याचे दाणे वळून भाजतात. हा उद्योग मुख्यतः सेलम आणि त्याच्या आसपास एकवटलेला आहे. आपल्याला कसावा एकादशीपुरता भेटतो. आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांचे मात्र ते रोजचे अन्न आहे. कोरड्या, निकस जमिनीतही ते तग धरते आणि गरज पडेपर्यंत मुळे जमिनीतच ठेवता येतात, त्यामुळे दुष्काळात घरातील धान्य संपले तरी शेतातील कसावा शिल्लक असतो.

हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतील. ते आफ्रिकेत गेले तेव्हा त्याच्या किडी मागेच राहिल्या होत्या. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मात्र काँगो नदीच्या खोऱ्यात त्यावर एक पिठ्या ढेकूण, म्हणजे अंगावर पांढरे मेण असलेली, झाडाचा रस शोषणारी कीड, दिसू लागला आणि एका दशकात तो खंडाच्या मोठ्या भागात पसरला. या किडीत केवळ माद्याच असतात, नरावाचून त्या प्रजनन करतात आणि एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. तिच्या लाळेमुळे शेंडा आखडतो, पेरे आखूड पडतात, पाने मुरडतात. पाने नाहीत म्हणून मुळे भरत नाहीत, आणि पुढच्या लागवडीसाठी धड बेणेही मिळत नाही. काही भागांत पिकाचे नुकसान ८० टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत हान्स हेरेन हे स्विस कीटकशास्त्रज्ञ या कामावर होते. कीड अमेरिकेतून आली असेल तर तिला तेथे आटोक्यात ठेवणारा शत्रूही तेथेच असणार, तो शोधून आणावा, असा त्यांचा साधा विचार होता. प्रत्यक्षात शोध सुरू झाला तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसाव्यावर हुबेहूब तशीच कीड सापडली. तिच्यावर जगणारे परोपजीवी गोळा करण्यात आले. पण आफ्रिकेतील किडीवर ते काही केल्या वाढेनात. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासणी झाली तेव्हा उलगडा झाला, की ही कीड दिसायला सारखी असली तरी जात निराळी होती. आफ्रिकेतील किडीला १९७७ मध्ये ‘फेनाकोकस मॅनिहोटी’ असे शास्त्रीय नाव मिळाले होते; या दुसरीचे नाव १९८१ मध्ये ‘फेनाकोकस हेरेनी’ असे ठेवण्यात आले.

या मुद्द्यावर मी मुद्दाम थोडा रेंगाळतो. मृत किड्यांच्या अंगावरील केस, छिद्रे आणि ग्रंथी मोजत वर्षानुवर्षे संग्रहालयात बसणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञांचे काम फार थोड्यांना महत्त्वाचे वाटते. आपल्या विद्यापीठांतही या शाखेकडे वळणारे विद्यार्थी कमी होत चालले आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते. दोन जातींमधला तो बारीक फरक कोणी ओळखला नसता, तर चुकीच्या किडीचे शत्रू आणून आफ्रिकेत सोडण्यातच आणखी काही वर्षे गेली असती, आणि या उपायात काही अर्थ नाही असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले असते.

शोधाची दिशा बदलल्यावर १९८१ मध्ये टोनी बेलोटी या कीटकशास्त्रज्ञांना पॅराग्वेमध्ये खरी कीड सापडली. तेथे ती इतकी तुरळक होती, की शेतकऱ्यांचे तिच्याकडे लक्षही गेले नव्हते. तिच्या शरीरात अंडी घालणारी एक चिमुकली गांधीलमाशी तेथेच मिळाली. आज तिला ‘अ‍ॅनागायरस लोपेझी’ या नावाने ओळखतात. तिची लांबी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असते आणि ती माणसाला डंख मारत नाही. अंड्यातून निघालेली अळी ढेकणाला आतून खाऊन टाकते, त्याचे शरीर फुगून सुकते आणि त्याला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. लंडन येथे विलगीकरणात तपासणी झाल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये इबादानला या माश्या पहिल्यांदा सोडण्यात आल्या. पुढे दुर्गम भागांसाठी विमानातूनही त्या सोडल्या गेल्या आणि वीसहून अधिक देशांत त्या स्थिरावल्या. हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो या कामासाठी.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. हीच कीड २००८ मध्ये थायलंडमध्ये आणि २०२० मध्ये केरळात त्रिशूर येथे आढळली. या वेळी मात्र पॅराग्वेपर्यंत जाण्याची गरज उरली नव्हती, कारण या माशीच्या जोपासनेचा अनुभव आता हेरेन यांच्याच संस्थेच्या पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशातील केंद्राजवळ होता. थायलंडने २००९ मध्ये तेथून माश्या नेल्या. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोनेही तेथूनच त्या मागवल्या, आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यात येथापूर येथील संशोधन केंद्रातून त्या शेतात सोडण्यास सुरुवात झाली. आपण वाचलेली बातमी हीच असावी.


प्रश्न : परदेशातून एक कीड आली म्हणून आपण मुद्दाम दुसरी आणतो. उद्या हीच माशी ढेकूण संपल्यावर आमच्या पिकावर किंवा मधमाश्यांवर उलटली तर काय? – एक ऊस बागायतदार, सांगली जिल्हा

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. मॉरिशस बेटावर टोळांच्या बंदोबस्तासाठी १७६२ मध्ये भारतातून साळुंक्या नेल्या होत्या. त्यांनी टोळ खाल्ले खरे. पण आज जगातील अनेक बेटांवर साळुंकीच उपद्रवी पक्षी मानली जाते. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण याहून वाईट आहे. क्वीन्सलँडमध्ये उसाच्या मुळांवर पडणाऱ्या हुमणीसारख्या अळ्यांवर उपाय म्हणून १९३५ मध्ये हवाईहून १०२ मोठे भेक आणले गेले. अळी जमिनीखाली आणि तिचे भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, त्यामुळे भेकांना दोन्ही सापडेनात. भेक मात्र भरमसाट वाढले, आणि त्यांच्या अंगातील विषामुळे त्यांना खाणारे तेथील वन्य प्राणी मरू लागले.

या दोन्ही चुकांत एक समान धागा आहे. साळुंकी आणि भेक तोंडात मावेल ते खातात. पॅराग्वेची माशी तशी नाही. तिची अळी एका विशिष्ट ढेकणाच्या शरीरातच वाढू शकते, आणि तो नसेल तर तिचा वंशच पुढे जात नाही. म्हणूनच ढेकूण ‘संपल्यावर’ असे जे आपण म्हणता, ते सहसा घडतच नाही. ढेकूण कमी झाले की माश्याही कमी होतात, ढेकूण थोडे वाढले की माश्या पुन्हा वाढतात, आणि दोन्ही अल्प संख्येने शेतात टिकून राहतात. कीड समूळ नष्ट करण्याचे आश्वासन या पद्धतीत कोणी देत नाही, आणि कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तरीही केवळ तर्कावर विसंबून माशी सोडली जात नाही. सरकारी परवानगीने आणलेले कीटक प्रथम बंदिस्त प्रयोगशाळेत वाढवतात. मधमाशी, रेशीमकिडा आणि लाखेचा किडा यांसारख्या उपयोगी कीटकांना त्यांच्यापासून धोका आहे का, हे तेथे तपासले जाते. लाखेचा किडा हा ढेकणाच्या दूरच्या भावकीतला असल्यामुळे त्याची चाचणी विशेष महत्त्वाची ठरते. त्याच वेळी आणलेल्या माश्यांच्या शरीरात लपून त्यांचेच परोपजीवी तर आले नाहीत ना, हेही पाहतात, कारण तसे झाले तर सोडलेली माशी पहिल्याच पिढीत निकामी होईल.

आपण उसाचे शेतकरी आहात, म्हणून उसाचा रस शोषणाऱ्या, २००२ सालच्या लोकरी माव्याची आठवण करून देतो. आपल्याच जिल्ह्यापासून तो महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा उंच वाढलेल्या उसात फवारणी करणे जवळजवळ अशक्य होते. तो आटोक्यात आला त्यात डिफा अळी आणि मायक्रोमस या आपल्याकडील परभक्षी किड्यांचा वाटा मोठा होता, आणि त्यांच्या जोडीला ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्शिया ही माशीही होती. त्यांपैकी कोणीही उसावर किंवा दुसऱ्या पिकावर उलटले नाही.


प्रश्न : माझ्या पपईच्या बागेत फळांवर आणि पानांच्या मागे कापसासारखी पांढरी कीड आहे. दोनदा औषध मारले, तरी ती परत येते. खाली काळी बुरशीही धरली आहे. पुन्हा फवारू का? – एक शेतकरी, शहादा

उत्तर : वर्णनावरून हा पपईवरील पिठ्या ढेकूण दिसतो, मात्र खात्रीसाठी नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अवश्य दाखवा. ही कीड मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडील असून आपल्या देशात ती २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळली. पपईबरोबरच कसावा आणि तुतीवरही ती पडली. तुतीवर कीटकनाशक मारले तर तो पाला रेशीमकिड्यांना घालता येत नाही, त्यामुळे रेशीम उत्पादकांपुढे मोठाच पेच उभा राहिला. अखेर जुलै २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या बंगळूरला आणण्यात आल्या आणि ऑक्टोबरपासून त्या तमिळनाडूत सोडल्या गेल्या. त्यांतील ‘असेरोफॅगस पपई’ ही जात सर्वांत प्रभावी ठरली आणि काही महिन्यांतच कीड ओसरली.

आपले औषध का लागू पडत नाही, याचे कारण त्या कापसातच आहे. तो मेण आहे. अंडी त्या मेणाच्या पिशवीत सुरक्षित राहतात, औषध वरून ओघळून जाते आणि उघड्यावर फिरणारी माशी तेवढी मरते. म्हणून तिसऱ्या फवारणीआधी एक साधी परीक्षा करावी. कीड असलेली दोन-तीन पाने काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचे फडके घट्ट बांधावे आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून रोज पाहावे. ढेकणांपैकी काही तपकिरी, फुगीर, वाळलेले दिसू लागले, त्यांना गोल भोके पडली आणि बरणीत बारीक माश्या उडू लागल्या, तर मित्रकीटक आपल्या बागेत पोहोचलेले आहेत आणि कीटकनाशकाची फवारणी थांबवणे हाच सर्वांत चांगला उपाय आहे. काहीच निघाले नाही, तर माश्या कोठून मिळतील याची चौकशी कृषी विज्ञान केंद्राकडे करावी.

त्याबरोबर मुंग्यांकडे लक्ष द्या. ढेकूण जो गोड चिकटा सोडतात त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि माश्यांना जवळ येऊ देत नाहीत. आपण लिहिलेली काळी बुरशीही त्या चिकट्यावरच वाढते. चिकटा थांबला की तीही थांबते. मुंग्यांची वारुळे शोधून त्यांचा बंदोबस्त करावा. बांधावरचे गाजर गवत काढावे आणि घराजवळची जास्वंद तपासावी, कारण ही कीड त्या दोन्हींवर मुक्काम करते.


प्रश्न : पिठ्या ढेकणासाठी माशी आहे, मग पपईच्या ‘व्हायरस’साठी असे काही का शोधत नाहीत? रोग मावा पसरवतो म्हणतात, तर माव्याचा शत्रू सोडून भागणार नाही का? – कृषी पदविकेची एक विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग

उत्तर : आपण विचारता तो बहुधा पपईचा रिंगस्पॉट रोग आहे. येथे अडचण वेगळी आहे. ढेकूण पपईवर संसार थाटतो. मावा मात्र पपईवर सहसा वस्ती करत नाही. तो उडत येतो, हे झाड आपल्या कामाचे आहे का हे पाहण्यासाठी सोंड खुपसून चव घेतो आणि पुढे जातो. तेवढ्या काही सेकंदांत विषाणू झाडात शिरलेला असतो. त्यामुळे शत्रूकीटक असो किंवा कीटकनाशक असो, मावा मरेपर्यंत रोग लागून गेलेला असतो. एकदा झाडाला लागण झाली, की त्यावर औषध नाही.

म्हणून या रोगावरील संशोधन झाडाच्या प्रतिकारशक्तीकडे वळले. हवाई बेटांवरील पुना या पपईच्या मुख्य पट्ट्यात १९९२ मध्ये हा रोग शिरला. वनस्पतिरोगतज्ज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधीच विषाणूच्या बाह्य आवरणाचे जनुक पपईत घालण्याचे काम चालवले होते. त्यातून तयार झालेली ‘रेनबो’ आणि ‘सनअप’ ही वाणे १९९८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली आणि तेथील पपई वाचली. मात्र हेच वाण इतरत्र लावून तसाच परिणाम मिळत नाही. झाडाचे संरक्षण घातलेले जनुक आणि हल्ला करणारा विषाणू यांच्या साम्यावर अवलंबून असते, आणि आशियातील विषाणूचे काही प्रकार हवाईतील प्रकाराहून पुरेसे भिन्न आहेत. कसाव्याच्या ढेकणाविषयी वर जे लिहिले, तेच येथेही लागू होते: आपल्या शेतातील शत्रू नेमका कोणता, हे आधी कळावे लागते.

आपल्याकडे अशी जनुकांतरित पपई लागवडीसाठी उपलब्ध नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुणे येथील केंद्रात विषाणू सहन करणाऱ्या पपईच्या निवडींवर काम झाले आहे. सध्या हाती असलेला मार्ग म्हणजे रोपे बारीक जाळीखाली वाढवणे, बागेभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावणे आणि पहिली रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करणे. कडेच्या मक्याचा उपयोग आपल्याला अभ्यासात कदाचित कोणी सांगितला नसेल: उडत येणारा मावा आधी मक्यावर टेकतो, तेथे सोंड खुपसतो आणि सोंडेवरचा बराचसा विषाणू तेथेच पुसला जातो, आणि मक्याला या विषाणूची बाधा होत नाही.