बालभत्ता : एकीला होकार, दुसरीला नकार

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत परिचारिका आहे. तिचा सहा वर्षांचा मुलगा नाशिकला आमच्याकडे असतो. तिच्या वॉर्डातील पोलिश सहकारी बाईंना पोलंडमध्ये आजीकडे राहणाऱ्या मुलीसाठी जर्मन सरकारचा बालभत्ता मिळतो. माझ्या मुलीचा अर्ज मात्र नामंजूर झाला. कर तर दोघींच्याही पगारातून कापला जातो. मग हा भेदभाव नव्हे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा रोष समजण्यासारखा आहे; नकार मात्र कायद्याला धरूनच आहे. ‘किंडरगेल्ड’ हा भत्ता (२०२५ मध्ये दरमहा २५५ युरो) सर्वसाधारणपणे जर्मनी, युरोपीय संघ, आइसलँड, नॉर्वे, लिक्टेनस्टाइन किंवा स्वित्झर्लंड येथे राहणाऱ्या मुलांसाठीच मिळतो. संघाच्या २००४ च्या नियमानुसार दुसऱ्या सदस्य देशात राहणारे मूल जणू कामाच्याच देशात राहते, असे मानावे लागते. तरी त्या पोलिश बाईंना पूर्ण रक्कम मिळतेच असे नाही. मुलीचे वडील पोलंडमध्ये नोकरीला असतील, तर आधी पोलंडचा ८०० झ्लॉटींचा भत्ता लागू होतो आणि जर्मनी केवळ वरचा फरक देते.

ऑस्ट्रियाने २०१९ पासून आपल्याकडचा असाच बालभत्ता मूल राहते तेथील महागाईशी जोडला, आणि घरोघरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या हंगेरियन, रोमानियन बायकांची रक्कम घटली. युरोपीय न्यायालयाने जून २०२२ मध्ये ही कपात बेकायदा ठरवली : स्थलांतरित कामगार कर आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी इतरांसारखीच भरतात, शिवाय खुद्द ऑस्ट्रियात प्रांतोप्रांती महागाई वेगळी असूनही भत्ता एकच असतो. हा युक्तिवाद तुमच्या मुलीलाही तंतोतंत लागू पडतो, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते. पण तो ज्या कायद्यावर उभा आहे, त्याची हद्द नाशिकपर्यंत पोहोचत नाही. तुर्कस्तानसारख्या काही देशांचे जर्मनीशी करार असल्याने तेथील मुलांसाठी कमी दराने का होईना, भत्ता मिळू शकतो. भारताशी २०१७ मध्ये अमलात आलेला सामाजिक सुरक्षेचा करार मात्र निवृत्तिवेतनापुरता आहे.

मुलगा तिकडे राहायला गेला, तर मुलीने ‘फामिलिएनकासे’ या कार्यालयात विनाविलंब अर्ज करावा, कारण थकबाकी अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांचीच मिळते. तोवर करविवरणपत्रात परदेशी राहणाऱ्या मुलासाठीची, भारताच्या राहणीमानानुसार घटवलेली वजावट मागता येईल. जन्मदाखल्याचे अधिकृत भाषांतर तयार ठेवावे.