डेंग्यूची दुसरी खेप आणि घराण्याचे रक्त

प्रश्न : गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरात चौघांना डेंग्यू झाला. मला, माझ्या पतींना आणि सासूबाईंना चार-पाच दिवस ताप आला व पॅरासिटामॉलवर भागले. धाकट्या दिरांना मात्र ताप उतरल्यावर पोटात कळा येऊ लागल्या, उलट्या थांबेनात, आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. प्लेटलेट पेशी वीस हजारांपर्यंत घसरल्या होत्या. 2021 मध्ये चुलत सासरे कोविडने गेले. तेव्हापासून भावकीत उघड बोलले जाते की, या घराण्याच्या रक्तातच खोट आहे. आता याच दिरांच्या मुलीचे लग्न तिच्या आत्याच्या मुलाशी ठरत आहे. ही खोट पुढच्या पिढीत जाईल का? जनुकीय चाचणी करून घ्यावी का?
— एक शिक्षिका, ता. अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : विषाणुजन्य आजार एखाद्याला हलका जातो आणि एखाद्याला अतिदक्षता विभागात नेतो, यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे आता निर्विवाद आहे. परंतु आपल्या दिरांच्या बाबतीत पहिला संशय तिच्यावर घेण्याचे कारण मला दिसत नाही.

एकाच घरात आजार वारंवार गंभीर होऊ लागला की आपण रक्ताकडे बोट दाखवतो. पण एका छपराखाली राहणारी माणसे रक्ताबरोबर हौद, रांजण, माजघरातील कोंदट हवा आणि दवाखान्यात जाण्यास उशीर करण्याची सवय यांचीही वाटेकरी असतात. वारसा कुठे संपतो आणि परिस्थिती कुठे सुरू होते, हे वेगळे काढणे त्यामुळे अवघड जाते. 1988 मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी यावर मोठी मार्मिक वाट काढली. लहानपणी दत्तक गेलेल्या मुलांच्या 960 कुटुंबांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. जन्मदात्यांपैकी कोणी पन्नाशीच्या आत संसर्गजन्य आजाराने दगावले असेल, तर दुसऱ्या घरी वाढलेल्या त्या अपत्याचाही संसर्गाने अकाली मृत्यू होण्याचा धोका जवळजवळ सहापट होता. दत्तक आईवडिलांपैकी कोणी तसे गेले असल्यास मात्र असा परिणाम आढळला नाही. भावकीच्या बोलण्यात तथ्याचा अंश आहे तो एवढा.

हा वारसा शरीरात काम कसा करतो? विषाणू पेशीत शिरला की पेशीतील काही प्रथिने त्याची चाहूल घेतात आणि इंटरफेरॉन नावाचे रसायन बाहेर सोडले जाते. त्यामुळे आसपासच्या पेशी विषाणूला आपल्या आत वाढू न देण्याची तयारी करतात. ही चाहूल घेणारी किंवा निरोप पोहोचवणारी जनुके सदोष असतील, तर प्रतिपिंडे (विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने) तयार होण्याआधीचे पहिले काही दिवस विषाणूला मोकळे रान मिळते. 2020 मध्ये अत्यवस्थ कोविड रुग्णांपैकी काहींमध्ये असे जन्मजात दोष सापडले. त्याहून अधिक, म्हणजे सुमारे दहा टक्के रुग्णांमध्ये, स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली, आणि त्यांत बहुतांश पुरुष होते. अशी प्रतिपिंडे उतारवयात अधिक आढळतात. तेव्हा प्रतिकारशक्तीतील प्रत्येक उणीव वाडवडिलांच्या माथी मारता येत नाही.

आता डेंग्यू. याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापुरते संरक्षण दीर्घकाळ मिळते. पण पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला, तर आधीची प्रतिपिंडे त्याला अडवण्याऐवजी पेशींत शिरण्यास मदत करू शकतात, आणि म्हणून दुसरी खेप पहिलीपेक्षा घातक ठरण्याचा संभव असतो. क्यूबात 1977 मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली आणि 1981 मध्ये दुसऱ्या प्रकाराची. दुसऱ्या वेळी गंभीर झालेल्यांत आधी लागण होऊन गेलेलेच बहुसंख्य होते. आपले दीर कामधंद्यासाठी पुण्याला किंवा अन्यत्र राहिले होते का, मागे कधी अंग मोडून आलेला ताप ‘व्हायरल आहे’ म्हणून अंगावर काढला होता का, हे त्यांना अवश्य विचारावे. पहिल्या खेपेचा डेंग्यू पुष्कळदा ओळखूही येत नाही.

डेंग्यूतही जनुकांचा हात आहे, मात्र तो हलका आहे. व्हिएतनाममधील मुलांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात डेंग्यूमुळे रक्तदाब कोसळण्याशी एमआयसीबी आणि पीएलसीई-1 या दोन जनुकांजवळील बदलांचा संबंध दिसला. पण त्यांमुळे पडणारा फरक दीडपटीपेक्षाही कमी होता. एवढ्या फरकावरून एका माणसाचे भविष्य कोणी सांगू नये.

प्लेटलेट पेशींच्या आकड्याविषयीही थोडे लिहितो, कारण आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ तोच आकडा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर फिरतो आणि रुग्णाच्या उशाशी किवी व पपईच्या पानांचा रस जमू लागतो. डेंग्यूत माणूस अत्यवस्थ होतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातील द्रव पाझरून गेल्यामुळे. हा पाझर बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो. घरचे निर्धास्त होतात ती नेमकी हीच वेळ असते. त्याच रिपोर्टमधील हिमॅटोक्रिटचा (रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा) आकडा वर चढत असेल, पोटात सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा रुग्ण सुस्त अथवा बेचैन झाला असेल, तर विलंब करू नये. आपल्या दिरांमध्ये ही लक्षणे ओळखून त्यांना वेळेवर हलवले, हे फार चांगले झाले.

चुलत सासऱ्यांच्या कोविडची गोष्ट निराळी आहे. कोविडच्या तीव्रतेशी सर्वाधिक ठळकपणे जोडला गेलेला जनुकीय भाग तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पाबो या जनुकशास्त्रज्ञांनी (वैद्यकशास्त्राचे 2022 चे नोबेल पाबो यांनाच मिळाले) 2020 मध्ये दाखवले की, त्याची धोका वाढवणारी आवृत्ती माणसाला निअँडरथल या लुप्त मानवजातीकडून मिळालेली आहे. क्रोएशियातील गुहेत सापडलेल्या, सुमारे 50,000 वर्षांपूर्वीच्या अवशेषांत तीच आवृत्ती आढळते. युरोपात साधारण 16 टक्के लोकांकडे तिची किमान एक प्रत आहे, तर दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांकडे. याचा अर्थ, ही खोट मानायचीच झाली तर ती आपल्याविषयी बोलणाऱ्या भावकीतील निम्म्या घरांतही निघेल. शिवाय विषाणू बदलला की हिशेबही बदलतो : हीच आवृत्ती असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी कमी असल्याचे 2022 मध्ये झेबर्ग यांनी दाखवले. एका घरात एकाचा कोविड आणि दुसऱ्याचा डेंग्यू गंभीर झाला, म्हणून दोन्हींना एकच दोष चिकटवता येत नाही. कोविडमध्ये वय, मधुमेह आणि लस न घेतलेली असणे यांचे वजन सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत या जनुकीय भागापेक्षा जास्त होते.

लग्नाचा प्रश्न मी स्वतंत्रपणे पाहतो. मामाची मुलगी करण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे आणि तिच्यामागील जिव्हाळ्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण आते-मामे भावंडांच्या अपत्याच्या जनुकसंचाचा सरासरी सोळावा भाग दोन्हीकडून अगदी एकसारखा येतो. त्यामुळे आईवडिलांत दडून राहिलेला अप्रभावी दोष (दोघांकडूनही आला तरच दिसणारा) अपत्यात उघड होण्याची शक्यता वाढते. इंटरफेरॉनचे काही गंभीर दोष याच रीतीने प्रकट होतात. मात्र ते बहुधा बालपणीच डोके वर काढतात. तेव्हा मुलगी मोठी होईपर्यंत धडधाकट असलेल्या दिरांच्या एका आजारपणावरून लग्न मोडण्याचे कारण नाही. विचारायचे ते हे की, दोन्ही घरांत कोणाचे मूल अगदी लहानपणी जंतुसंसर्गाने गेले का, एखाद्या मुलाला वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला का, मेंदूज्वर किंवा जिवंत विषाणूच्या लसीनंतर गंभीर आजार झाला का. यांपैकी काही असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना आणि मग जनुकीय समुपदेशकांना भेटावे. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी येथे अशा प्रतिकारदोषांचे निदान होते. तसे काही नसेल, तर बाजारात मिळणाऱ्या जनुकीय चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. मुलगा-मुलगी दोघांनी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकपणाची रक्तचाचणी मात्र लग्नाआधी करून घ्यावी. नात्यातील लग्नात ती कितीतरी अधिक उपयोगी आहे.

आणि घरातील रांजण रिकामा करताना त्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, तिळाहून बारीक काळे ठिपके दिसतात का ते पाहावे. ती डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी असतात. ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. आतून घासावे लागते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवणे) पाळणे किती जड जाते याची मला कल्पना आहे, पण साठवण टाळता येत नसेल तर तिच्यावर घट्ट झाकण तरी असावे.

प्रश्न : काही माणसांना एचआयव्हीची लागण होतच नाही, असे ऐकले. हे खरे आहे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, उदगीर, जि. लातूर

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना पेशीत शिरण्यासाठी सीसीआर-5 हे प्रथिन लागते. त्याच्या जनुकातील 32 अक्षरे गळालेली आवृत्ती आई आणि वडील दोघांकडून आली, तर ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे एक टक्का माणसे अशी असतात. टिमोथी रे ब्राउन या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णावर बर्लिनमध्ये अशाच दात्याच्या, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे रोपण 2007 मध्ये झाले आणि पुढे त्यांच्या शरीरातून एचआयव्ही नाहीसा झाला. तथापि, सीसीआर-5 ऐवजी दुसरे प्रथिन वापरणारे एचआयव्हीचे प्रकारही आहेत, आणि भारतीयांत ही आवृत्ती दुर्मीळ आहे.