मोफतच्या नादात आमचा अख्खा दिवस गेला (उत्तर जरा लांबलंय)

ताई, 18 मेला मोफत म्हणून मुलांना पुण्यातल्या संग्रहालयात नेलंत आणि दारातूनच परतलात, ती तुमची पोस्ट वाचताना त्या गेटवरच्या वाक्यापाशी अडकले. ‘मोफत फक्त शाळेच्या सहलीला, बाकीच्यांनी तिकीट काढा.’ अहो, हेच वाक्य मी नऊ वर्षांपूर्वी ऐकलंय, आणि तेही 18 मेलाच. तुमची सहा आणि नऊ वर्षांची मुलं उन्हात उभी राहून रडायला लागली, सासूबाई वैतागल्या आणि तुम्ही परत फिरलात. माझ्याबरोबर पाच मुलं होती. माझी दोन, सोलापूरहून आलेल्या बहिणीची दोन आणि शेजारचा एक, जो ‘मी पण’ म्हणत चप्पल घालून तयार.

त्या दिवशी संग्रहालय दिन असतो आणि बऱ्याच ठिकाणी तिकीट माफ असतं हे तुम्हाला माहीतच आहे. पाणी, टोप्या, खाऊ हेही सांगत बसत नाही.

मी तीन दिवस आधी फोन केला होता. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, ‘हो हो, मोफत आहे, या.’ मी त्यांचं नाव विचारलं नाही. गेटवर कळलं की सवलत शाळांना आहे आणि मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र लागतं. मे महिन्यात! शाळेला कुलूप, मुख्याध्यापक गावाला, सहल काढणार कोण? मी म्हटलं, फोनवर तर हो म्हणाले. त्यावर उत्तर, ‘कोण म्हणालं? नाव सांगा.’

इथवर चूक त्यांची. (संग्रहालय कुठलं ते सांगणार नाही, विचारू नका. आता तिथली माणसंही बदलली असतील.) पुढची चूक मात्र निव्वळ माझी. पाचही मुलांची तिकिटं मिळून एका रिक्षाच्या भाड्याइतकीसुद्धा होत नव्हती. काढायची आणि आत जायचं, संपलं. पण माझ्या डोक्यात तत्त्व शिरलं. बहीण म्हणाली, ‘ताई, मी देते पैसे, चल ना.’ मी तिलाच गप्प केलं आणि सगळी वरात दोन रिक्षांत घालून त्यांच्या मुख्य कचेरीत नेली. आवक-जावकच्या टेबलावर ‘अर्ज लिहून द्या’. कागद समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणला. मग ‘साहेब मीटिंगला गेलेत’. साहेब आले तर म्हणे हा विषय दुसऱ्या मजल्यावरचा. दुसऱ्या मजल्यावरचे जेवायला. अडीच तासांनी माझ्या अर्जावर गोल शिक्का पडला, ‘प्राप्त’. परवानगी नाही हं, नुसतं प्राप्त.

तेवढ्या वेळात धाकट्या भाच्याने तिथली लोखंडी कपाटं, लाल फडक्यातली गाठोडी, बंद पडलेलं घड्याळ सगळं फिरून बघितलं आणि विचारलं, ‘मावशी, म्युझियम संपलं का?’ तेव्हा हसलो. पण पुढची दोन वर्षं म्युझियमचं नाव काढलं की माझ्या मुलीच्या पोटात दुखायचं. रिक्षाच्या पैशांचं सोडा, ते मला फार लागलं.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या: मोफत दिवसाच्या मागे लागूच नका. त्या दिवशी अख्खं पुणं तिथे असतं. मूल काचेला नाक लावून उभं राहिलं की मागून ‘पुढे चला’. शिवाय तुम्हाला त्याची गरजही नाही. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, आणि तिथे 15 वर्षांखालच्या मुलांना एरवीही तिकीट नसतं. तुमच्या दोघांना रोजच मोफत! मोठ्यांनाही 18 एप्रिलला आणि 19 नोव्हेंबरला सोडतात, 8 मार्चला बायकांना. पण त्याचे आदेश दर वेळी निघतात, म्हणून त्या आठवड्यात स्वतः खात्री करा, नंतर मला बोलू नका. मी म्हणेन, साध्या बुधवारी सकाळी जा आणि मोठ्यांचं तिकीट काढा.

माझ्या मुलीचं ते पोटदुखीचं प्रकरण आगाखान पॅलेसमध्ये संपलं. गांधीजींना ऑगस्ट 1942 मध्ये इथे स्थानबद्ध केलं हे सांगितलं तर म्हणाली, ‘एवढ्या मोठ्या बंगल्यात ठेवलं, मग शिक्षा कसली?’ मग गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आठवड्याच्या आत, 15 ऑगस्टला, इथेच गेले आणि कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 ला, हे सांगून दोघांच्या समाध्यांपाशी नेलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग हिरवळीवर बसून अर्धा तास वाद घातला माझ्याशी. फार थोड्या खोल्या बघितल्या त्या दिवशी, आणि मला काही वाईट वाटलं नाही.

केळकर संग्रहालयाला तिकीट आहे. खुशाल काढा. एका माणसाने, दिनकर केळकरांनी, गावोगाव फिरून तिथल्या सगळ्या जुन्या वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. हे मुलांना दारातच सांगा, आत गेल्यावर ती जरा वेगळ्या डोळ्यांनी बघतात. संग्रह 20 हजारांच्या वर आहे, सगळं बघायचा हट्ट धरलात तर दुसऱ्या दालनातच भांडणं होतील. आम्ही फक्त अडकित्ते ठरवले होते. कुठला कशाच्या आकाराचा ते ओळखायचं, जो जास्त ओळखेल त्याला मस्तानी. (आइस्क्रीमची. मस्तानी महालही आत आहे, कोथरूडहून आणून उभा केलेला, त्यामुळे ही कोण असा प्रश्न येणार. उत्तर तयार ठेवा.) सासूबाईंना जरूर न्या. स्वयंपाकघरातली जुनी भांडी आमच्या सासूबाईंनी अशी समजावून दिली की शेजारचं एक कुटुंबही ऐकत थांबलं. जिने मात्र आहेत, गुडघ्यांचं आधी विचारा. आणि गाडी नेऊ नका, पेठांत जागा शोधण्यात मुलांचा उत्साह संपतो. मेट्रोने मंडईला उतरा, तिथून चालत.

गर्दी सोसून जावं असा माझ्या लेखी एकच मोफत दिवस, 28 फेब्रुवारी, विज्ञान दिन. आयुका, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संस्था, त्या दिवशी सगळ्यांना खुली असते, शास्त्रज्ञ मंडळी पोरांच्या वाट्टेल त्या प्रश्नांना उत्तरं देतात. तुमच्या नऊ वर्षांच्याला आवडेल. सहाचा कंटाळेल.

तरीही 18 मेलाच जायचं असेल तर दार उघडायच्या वेळेला पोचा, फोनवर बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि पर्समध्ये सुट्टे ठेवा. नाही म्हणाले तर काढा तिकीट. अर्ज तर बिलकुल लिहू नका, माझ्या अर्जाचं उत्तर अजून यायचंय. आणि आत्ता या रविवारीच मुलांची समजूत काढायची असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. एकाच खडकात कोरलेली आठव्या शतकातली लेणी, तिकीट नाही, पत्र नाही, नंदीच्या गोल मंडपाभोवती पळायला भरपूर जागा. सासूबाईंचं शंकराचं दर्शनही होईल.