शरीरात आता नवीन काय सापडणार?

प्रश्न: डॉक्टर, मुलगी एमबीबीएस झाली, आता ॲनाटॉमीत एमडी करून मेंदू, नसा यावर रिसर्च करायचं म्हणतेय. घरात सगळे म्हणतात शरीर कधीच उघडून बघून झालंय, त्यात नवीन काय सापडणार? अडवू का तिला?
— एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: ताई, अजिबात अडवू नका. आम्ही शिकलो की मेंदूला लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतालचं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, नसतातच, परीक्षेत तसंच लिहिलं, आणि २०१५ साली उंदराच्या मेंदूच्या आवरणात त्या दाखवल्या गेल्या, दोन वर्षांनी माणसातही एमआरआयवर दिसल्या!

आता आपल्या गावचंच बघा. लूमवर दिवसभर धागे जोडणाऱ्या बायका ओपीडीत येतात, अंगठा आणि शेजारची बोटं बधिर, रात्री हात झटकत उठतात. मनगटातल्या बोगद्यातून ९ टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नस जाते, सूज आली की नस दबते. पण तळव्याला सहसा नीट कळत असतं, कारण नसेची तिथली फांदी बोगद्याआधीच फुटून बोगद्याच्या वरून जाते. तळवाही बधिर असला तर मी दुखणं आणखी वर शोधते. देहदानातल्या हातावर कुणीतरी तासन्‌तास बसून फांदी न फांदी मोकळी केली म्हणून हे कळलं, आणि सगळ्यांचे हात आतून सारखे नसतात, सर्जनला ते माहीत नसलं तर नस कापली जाते.

प्रॅक्टिसएवढा पैसा यात नाही, ते मात्र तिच्याशी मोकळं बोला. आणि इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात दोघी जाऊन या एकदा.