आशा मधल्या पानावर

प्रिय चि.,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तू मागितलेली यादी मी दोनदा केली आणि दोनदा फाडली. शेजारी, ख्रिस्ती विश्वास आणि आशा या तिन्हींवरची दहा पुस्तकं सांगा, असं तू वरच्या ओळीत लिहिलंस. खाली कोपऱ्यात मात्र, जागा उरली म्हणून लिहावं तसं, आणखी एक होतं: नव्या जागी आठ महिने झाले, मजल्यावर कुणाचं नावही ठाऊक नाही, आणि उपासनेत बसल्यावर घड्याळाकडेच डोळे जातात. खरं पत्र मला त्या कोपऱ्यात दिसलं. म्हणून दहा सांगत नाही. थोडकीच सांगते, आणि ती कशी वाचावीत याबद्दल जरा जास्त बोलते.

आधी माझी फजिती ऐक. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या बाईंचा तरुण मुलगा गेला. पंधरा दिवसांनी मी एक पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. आशेबद्दलचं, मला स्वतःला फार आवडलेलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "शेवट गोड आहे का?" मी उत्साहाने हो म्हटलं. "मग घेऊन जा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग मला आला, आणि बरेच दिवस टिकला, हे कबूल करते. पुढे कधीतरी मी हात हलवत गेले तेव्हा त्या "बसा" म्हणाल्या.

तेव्हापासून या विषयावरचं कुठलंही पुस्तक मी आधी शेवटाकडून तपासते. लेखकाने शेवट घाईघाईने शिवून टाकलाय का, ते बघते.

बायबलचंच घे. विलापगीत हे पाचच अध्यायांचं पुस्तक, यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यानंतरचा आक्रोश. हिब्रू वर्णमालेत अक्षरं 22. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अध्यायात वचनंही 22च. मधल्या तिसऱ्यात तिप्पट, 66. पहिले चार अध्याय तर कवी वर्णमालेच्या क्रमाने रडतो. शोक अनावर झालेल्या माणसाने काठी धरून पायऱ्या उतराव्यात तसा. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, हे पुष्कळांना पाठ असलेलं वचन याच पुस्तकातलं. पण ते येतं तिसऱ्या अध्यायात, 22 आणि 23 या वचनांत. त्यानंतर दोन अध्याय पुन्हा रडणंच आहे, आणि अखेरच्या वचनात देवाने आपल्याला साफ टाकून दिलं की काय, ही शंका तशीच उघडी राहते. आशा आहे, पण मधल्या पानावर. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र तर मूळ हिब्रूत 'अंधार' याच शब्दावर थांबतं. हे सगळं पवित्र शास्त्रात ज्यांनी राखून ठेवलं, त्यांना गोड शेवट जोडायला कुणी अडवलं नव्हतं. त्यांनी जोडला नाही. शेजारच्या बाईंना मी हे न्यायला हवं होतं; तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

आता शेजाऱ्याकडे येऊ. आपल्या भाषेत 'शेजारधर्म' असा एक शब्द आहे. तो आपण इतक्या सहज वापरतो की त्यात धर्म दडलाय हे लक्षातही येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय, 25 ते 37 ही वचनं, पुन्हा वाच. माहीत आहे म्हणून सोडू नकोस. नियमशास्त्राचा जाणकार येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? म्हणजे कुंपण कुठवर घालू, ते सांगा. येशू यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. याजक आणि लेवी हे दोघे देवळातले सेवक बघून पुढे जातात; थांबतो तो शोमरोनी, यहूद्यांना परका आणि नकोसा. आणि शेवटी येशू प्रश्नच उलटा करून त्याच्या हातात देतो: तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? विचारणाऱ्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दही निघत नाही. "दया करणारा तो" एवढंच तो म्हणतो. त्या न उच्चारलेल्या शब्दात केवढं वैर आहे बघ.

या गोष्टीतलं माझं आवडतं माणूस मात्र शोमरोनी नाही, तो उतारशाळेचा मालक आहे. त्याच्याबद्दल प्रवचनात फारसं कुणी बोलत नाही. शोमरोनी तेल, द्राक्षारस, पट्ट्या, जनावर, सगळं देतो, रात्रभर थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला निघून जातो. दोन दीनार, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, देऊन जातो आणि जास्त लागलं तर परत येताना फेडेन म्हणतो. पुढचं दुखणं काढतो तो मालक. तुझ्यासारख्या हळव्या स्वभावाच्या माणसाने हे नीट बघावं. शेजारी होणं म्हणजे एखाद्याचं सगळं आयुष्य डोक्यावर घेणं नव्हे. गोष्टीतला आदर्श माणूससुद्धा सकाळी निघाला आणि काम दुसऱ्यावर सोपवलं, हे मला पन्नाशीत दिसलं. तोवर मी उगाच दमत होते.

बायबलबाहेरचं पहिलं पुस्तक म्हणून टॉलस्टॉयची 1885 सालची एक कथा वाच: 'जिथे प्रेम तिथे देव'. पुस्तक कसलं, तासाभराचं वाचन. तळघरात राहणारा चांभार, बायको गेलेली, मुलंही गेलेली. खिडकीतून त्याला रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात, आणि बूट बघून तो माणसं ओळखतो, कारण त्यातले बरेच त्यानेच दुरुस्त केलेले. प्रभू उद्या येणार असं त्याला झोपेत ऐकू येतं आणि तो दिवसभर वाट बघतो. कथा कुठे जाणार हे तुला पहिल्या दोन पानांतच कळेल, आणि इथेच बरेच हुशार वाचक पुस्तक मिटतात. तू मिटू नकोस. सफरचंदं विकणारी म्हातारी आणि तिचं सफरचंद चोरणारा पोरगा, हा प्रसंग सावकाश वाच. चांभार पोराला सफरचंद देतो आणि पैसे मी देईन म्हणतो. म्हातारी कुरकुरते, असल्या पोरांना चाबूक हवा म्हणते. मग ती स्वतःच्या मेलेल्या लेकरांबद्दल, नातवंडांबद्दल बोलत बसते, पोरगा तिची गोणी उचलायला पुढे होतो, दोघं निघून जातात, आणि ती पैसे मागायचंच विसरते. टॉलस्टॉयमधला उपदेशक मला अनेकदा जड जातो. पण ते विसरलेले पैसे ज्या माणसाला सुचले, त्याचे बाकीचे उपदेश मी सोसते.

यातूनच माझी दुसरी कसोटी निघाली. पुस्तकातल्या शेजाऱ्याला स्वतःचं आयुष्य आहे का? या विषयावर ढिगाने पुस्तकं निघतात, आणि त्यातल्या कितीतरी पुस्तकांत शेजारी हा नायकाला धडा मिळावा म्हणून आजारी पडतो, गरीब असतो, वेळेवर मरतो. त्याला कुरकुर करता येत नाही, नाही म्हणता येत नाही. अशी पुस्तकं वाचून आपणही दाराबाहेर धडेच शोधायला लागतो, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

कोरी टेन बूमचं 'द हायडिंग प्लेस' (1971) तुला कुणीतरी देईलच, म्हणून सावध करून ठेवते. पुस्तक खरोखर चांगलं आहे. नेदरलँड्समधल्या हार्लेमचं घड्याळजीचं घर, नाझींपासून ज्यूंना लपवणं, 1944 च्या फेब्रुवारीत सगळ्यांना अटक, अटकेनंतर थोड्याच दिवसांत म्हाताऱ्या वडिलांचा मृत्यू, डिसेंबरात रावेन्सब्रुकच्या छळछावणीत बहीण बेट्सीचा. बेट्सी बराकीतल्या पिसवांबद्दलही देवाचे आभार मानते, कोरीला ते अजिबात पटत नाही, आणि पुढे कळतं की पिसवांच्या भीतीने पहारेकरी आत येत नव्हते, म्हणूनच त्यांना बायबल वाचता आलं. हा प्रसंग लोक फार सांगतात. सांगताना एक विसरतात: बेट्सीने आभार मानले ते ज्या पिसवा तिला स्वतःला चावत होत्या त्यांचे. दुसऱ्याच्या अंथरुणातल्या पिसवांबद्दल तू कधी आभार मानू नकोस, आणि त्याला मानायलाही सांगू नकोस.

उपासनेत घड्याळ बघण्याबद्दल तू लिहिलंस, त्यासाठी जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफरचं 'लाइफ टुगेदर' आहे. 1939 साली निघालं. फिंकेनवाल्डला तो तरुण पाळकांना शिकवत असे, एकत्र राहणं आणि एकत्र प्रार्थना करणं तिथे चाले. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती जागा बंद केली, आणि 9 एप्रिल 1945 ला नाझींनी त्याला फाशी दिलं. पुस्तक पातळ आहे, स्वर कडक आहे. पहिल्याच प्रकरणात तो सांगतो की मंडळी कशी असावी याचं स्वप्न ज्याला प्रत्यक्ष मंडळीपेक्षा प्रिय होतं, तो तिचा नाश करतो, हेतू कितीही चांगला असला तरी. मला हे वाचून घाम फुटला होता. पुढे एक अख्खं प्रकरण एकट्याने घालवायच्या दिवसावर आहे. एकटं राहता येत नाही त्याने संगतीपासून जपावं आणि संगतीत नाही त्याने एकटेपणापासून, असं त्याचं दुहेरी म्हणणं. तुझ्या आठ महिन्यांकडे या नजरेने बघ.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गन मोल्टमान आत्ता नको. त्याचं 'थिऑलॉजी ऑफ होप' (1964) जड आहे, थकलेल्या माणसाने उचलायचं नाही. पण तो त्या पुस्तकापर्यंत कसा आला, तेवढं कानावर असू दे. 1943 मध्ये हँबर्गवर बाँब पडले तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा, शेजारी उभा असलेला मित्र मेला आणि हा वाचला. पुढे युद्धकैदी म्हणून छावणीत असताना लष्करी पाळकाने हातात बायबल ठेवलं. घरून काही ते वाचायची सवय घेऊन आलेला नव्हता. धरून ठेवलं ते 39 व्या स्तोत्राने, तेही काही आनंदाचं नव्हे.

मराठीत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (1934 पासून, चार भाग). तू अजून वाचली नसशील तर तुझा हेवा वाटतो. नवरा 1895 साली ख्रिस्ती होतो आणि हिचं सगळं जग मोडतं. माणसामाणसातले भेद देवाने केलेले नाहीत हे तिला उमजतं, आणि मग ती त्या वाटेवर स्वतःच्या पायांनी येते. आधी माणसं, मग बाप्तिस्मा. स्वतःची फजिती ती ज्या थंडपणे सांगते, ते मला अजून जमलेलं नाही.

शेवटी बायबलमधलं रूथचं पुस्तक. चार अध्याय, एका बैठकीत होतात. रूथची सासू नामी मवाब देशातून नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून परत येते तेव्हा बेथलेहेमच्या बाया विचारतात, ही नामीच का? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. त्या बाया गोष्टीतून जणू नाहीशा होतात. चौथ्या अध्यायात रूथला मूल होतं तेव्हा परत येतात, आणि त्या मुलाचं नाव आईबाप ठेवत नाहीत. शेजारणी ठेवतात. 4:17 उघडून बघ. ओबेद. दावीद राजाचा आजोबा. कडू म्हणवून घेणाऱ्या बाईला त्यांनी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, उपदेशही केला नव्हता. गावात राहिल्या, एवढंच.

माझी 'स्मृतिचित्रे'ची प्रत पोस्टाने पाठवते आहे. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष कर. काही ठिकाणी मी चुकीच्या ओळींखाली रेघ मारली आहे. पार्सल दिवसा येईल आणि तू कामावर असशील. समोरच्या दारी कोण राहतं ते विचारून नाव कळव, म्हणजे पत्त्यावर त्यांचंही घालते.

तुझ्या बाई