भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला आंतरराष्ट्रीय कराराचे संरक्षण मिळते का?

केंद्र सरकारच्या खात्यातील निविदांचा गैरव्यवहार कळवल्यावर बदली किंवा निलंबन झाले, तर संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराच्या आधारे दाद मागता येईल का, असे आपण विचारले आहे. थेट मागता येणार नाही, आणि केवळ त्या कराराच्या भरवशावर तक्रार करू नये, असे मी कळकळीने सांगेन.

२००३ साली संमत झालेल्या या कराराला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली. त्यातील कलम ३२ साक्षीदारांसाठी असून बरेच भक्कम आहे. त्यांना सुरक्षित स्थळी हलवणे, त्यांची ओळख लपवणे, त्यासाठी इतर देशांशी समझोते करणे, हे सारे त्यात येते. जागल्यांसाठी, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठी, असलेले कलम ३३ मात्र देशांना अशा संरक्षणाचा विचार करायला सांगते, कायदा करण्याचे बंधन घालत नाही. शिवाय ते सद्भावनेने, वाजवी आधारावर, सक्षम यंत्रणेकडे केलेल्या तक्रारीपुरतेच आहे. वर्तमानपत्राला कागद देणाऱ्याचा त्यात उल्लेखही नाही.

युरोपीय संघाचा जागल्यांच्या संरक्षणाविषयीचा २०१९ चा निर्देश मला म्हणूनच मोलाचा वाटतो. तक्रार केली आणि त्यानंतर नुकसान झाले, एवढे तक्रारदाराने दाखवले की ती कारवाई सूडाची नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कारवाई करणाऱ्यावर येते. बदलीच्या आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच लिहून मोकळे होण्याची आपल्याकडील रीत ज्याने पाहिली आहे, त्याला या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंते सत्येंद्र दुबे यांनी महामार्ग प्रकल्पातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवताना नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती, तरी ते पत्र नावासह पुढे फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांची हत्या झाली. पुढे संसदेने २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, पण तो लागू करणारी अधिसूचना निघालेली नाही. म्हणून आजही जनहितार्थ प्रकटीकरणाच्या २००४ च्या सरकारी ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करावी लागते.

तक्रार बंद लिफाफ्यात आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवावी आणि ती जनहितार्थ प्रकटीकरणाच्या या ठरावाखालील असल्याचे वर ठळक लिहावे. आपले नाव-पत्ता आतल्या पत्रात द्यावा, लिफाफ्यावर मुळीच नको. निनावी तक्रार आयोग घेत नाही. गुप्ततेसाठी आयोग पोचपावती देत नाही, तेव्हा स्मरणपत्रे पाठवू नयेत. राज्य सरकारचे कर्मचारी आयोगाच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे निविदा नेमकी कोणत्या खात्याची आहे हे आधी तपासून घ्यावे.