रुबिओ परराष्ट्र ‘सचिव’ की परराष्ट्र ‘मंत्री’?

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेच्या मार्को रुबिओ यांना एका बातमीत ‘परराष्ट्रमंत्री’ म्हटलं होतं, दुसरीत ‘परराष्ट्र सचिव’. पदाचं मूळ नाव ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ आहे, मग सचिव हेच बरोबर नाही का?

माझ्या मते मराठीत परराष्ट्रमंत्रीच लिहावं. आपल्याकडे सरकारी सचिव म्हटलं की सेवेत वर्षानुवर्षं काढून वर आलेला, सरकार बदललं तरी नोकरीत राहणारा अधिकारी डोळ्यांसमोर येतो. एस. जयशंकर यांनी तर दोन्ही पदं पाहिली. २०१५ ते २०१८ या काळात ते परराष्ट्र सचिव होते आणि २०१९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. रुबिओंना सचिव म्हटलं की वाचक त्यांना जयशंकरांच्या आधीच्या खुर्चीत बसवतो.

शिवाय या भाषांतराला मराठीत जुना आधार आहे. १८५८ पासून स्वातंत्र्यापर्यंत लंडनमध्ये ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया’ हे पद होतं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला काय म्हणतात? भारतमंत्री. मोर्ले भारतमंत्री, माँटेग्यू भारतमंत्री. भारतसचिव नाही. नावातला सेक्रेटरी बाजूला ठेवून तो माणूस काय काम करतो ते पाहिलं आणि शब्द निवडला. मला ही निवड फार मोलाची वाटते.

‘सचिव’ शब्दात मुळात कमीपणा नाहीच. संस्कृतात त्याचा अर्थ सोबती, साहाय्यक, अमात्य. शिवरायांच्या अष्टप्रधानांत मंत्री म्हणजे वाकनीस आणि सचिव म्हणजे सुरनीस, दोघेही प्रधानच. परराष्ट्र व्यवहार होता तिसऱ्याकडे, सुमंत म्हणजे डबीर यांच्याकडे. पण शब्द आज ज्या अर्थानं चालतो, त्याच अर्थानं वाचला जाणार.

सचिव म्हणणाऱ्यांची एक शंका मात्र रास्त आहे. अमेरिकेतला मंत्री आपल्या मंत्र्यासारखा सभागृहातला नसतो. संघराज्याच्या सेवेत पद घेतलं की काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सदस्यत्व ठेवता येत नाही, असं तिथली राज्यघटनाच सांगते. म्हणून २००९ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी आणि २०२५ मध्ये रुबिओ यांनी सिनेटची, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाची, जागा सोडली. आपल्याकडे नेमकं उलट : सहा महिन्यांत खासदार झालं नाही तर मंत्रिपद जातं. तिथे मंत्र्याला राष्ट्राध्यक्ष निवडतो, सिनेट मान्यता देते. काढताना मात्र राष्ट्राध्यक्षाला सिनेटला विचारावं लागत नाही. हा फरक मोठा आहे, पण तो बातमीत एका वाक्यात सांगता येतो. त्यासाठी मंत्र्याला सचिव करायला नको.

खरा घोटाळा खालच्या पदांत होतो. ‘डेप्युटी सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे ‘उपसचिव’ असं सर्रास छापलं जातं. मुंबईच्या मंत्रालयात उपसचिवाच्या वर सहसचिव, सचिव, प्रधान सचिव, अपर मुख्य सचिव, मुख्य सचिव अशी उतरंड आहे. अमेरिकेत डेप्युटी सेक्रेटरी हा खात्यातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. ‘अंडर सेक्रेटरी’ त्याच्या लगेच खाली, आणि आपला ‘अवर सचिव’ उपसचिवाच्याही खाली! तेव्हा पहिल्याला उपपरराष्ट्रमंत्री म्हणावं. दुसऱ्याला अंडर सेक्रेटरीच राहू द्यावं आणि त्याच्याकडे कोणतं काम आहे ते सांगावं.

अमेरिकी कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्षाला राजीनामा द्यायचा असेल तर तो लेखी स्वरूपात याच सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात द्यावा लागतो. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांनी एका वाक्याचं पत्र तेव्हाचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांना दिलं. वर मायना होता ‘डिअर मिस्टर सेक्रेटरी’. मी तो मराठीत ‘प्रिय मंत्रिमहोदय’ असाच लिहीन.